पेरोव्हस्काइट सौरघट टिकवायचा तर आधी काय बदलावे?

आपला प्रश्न असा आहे: टिन ऑक्साइडवर मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइटचा (प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकाचा) थर, त्यावर स्पायरो-ओमेटॅड (धन प्रभार वाहून नेणारा सेंद्रिय पदार्थ) आणि सर्वांत वर सोने अशी रचना असलेले आपले सेल पहिल्या दिवशी १८ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता देतात. डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) अंधारात ठेवले तर तीन आठवड्यांनंतरही ते फारसे उतरत नाहीत, पण नायट्रोजनच्या पेटीत दिव्याखाली सतत ठेवले की दोन-तीन दिवसांत निम्म्यावर येतात. यावर अधिक चांगली सीलबंदी हा उपाय होईल का, आणि शोधनिबंधांत दिसणारे ‘१००० तास’ छपरावरच्या किती वर्षांइतके मानायचे, असे आपण विचारले आहे.

सीलबंदीने हा प्रश्न सुटणार नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच नोंदींत आहे. नायट्रोजनच्या पेटीत ना पाणी होते ना ऑक्सिजन, तरीही सेल गेले. म्हणजे बिघाड बाहेरून आलेला नाही. सेलच्या आत आधीपासून असलेल्या घटकांना प्रकाश, उष्णता आणि व्होल्टता एकाच वेळी मिळाल्यावर त्यांच्यातच तो सुरू झाला. पेरोव्हस्काइट पाण्यापुढे टिकत नाही हे सर्वतोमुखी झाल्यामुळे प्रत्येक बिघाडाचे खापर दमटपणावर फोडण्याची सवय या क्षेत्राला लागली आणि त्यात बरीच वर्षे गेली, असे माझे मत आहे. काच आणि रबर वापरून पाण्याला अडवता तरी येते. जे काचेच्या आतच कोंडले गेले आहे, त्याला काच काय अडवणार?

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे दिव्याखाली सेलचे प्रत्यक्ष तापमान किती होते? पेटीतल्या हवेचे नव्हे, तर सेलच्या काचेला थर्मोकपल चिकटवून मोजलेले. पंख्याची सोय नसेल तर ते सहज ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, आणि मग आपण ‘प्रकाशाची चाचणी’ म्हणून जी घेतली ती खरे तर उष्णतेचीही चाचणी असते. दुसरी म्हणजे सेल कोणत्या स्थितीत चालवला? महत्तम शक्तीच्या बिंदूवर (ज्या व्होल्टतेला सर्वाधिक वीज मिळते तेथे) ठेवलेला सेल आणि तारा न जोडता नुसताच उजेडात ठेवलेला सेल यांचे आयुष्य सारखे नसते. उघड्या मंडलात निर्माण झालेला सगळा प्रभार बाहेर न जाता आतच पुनर्मीलित होतो, आणि अशा सेलची झीज बहुधा लवकर होते. या दोन नोंदी नसतील, तर आपले दोन दिवस आणि दुसऱ्या कोणाचे दोन महिने यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता आपल्या रचनेकडे वरून खाली न पाहता, ती घडली कशी या क्रमाने पाहू. २००९ साली योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइटचा सौरघट प्रथम दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि तो द्रव विद्युत-अपघटनीत (वीज वाहून नेणाऱ्या द्रावणात) बुडालेला होता. त्या द्रवातच पेरोव्हस्काइट विरघळत असल्याने तो काही मिनिटांतच मान टाकत असे. २०१२ मध्ये द्रवाच्या जागी स्पायरो-ओमेटॅड हा घन थर आला, कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास गेली आणि आयुष्य मिनिटांवरून शेकडो तासांवर आले. ज्या पदार्थाने या तंत्रज्ञानाला पहिले जीवदान दिले, तोच आज आपल्या सेलमधला सर्वांत कच्चा दुवा ठरला आहे.

स्पायरो-ओमेटॅड स्वतः फारसा वाहक नसल्याने त्यात लिथियमचे क्षार आणि टर्ट-ब्युटाइलपिरिडीन घालावे लागते. लिथियमचा क्षार हवेतील ओल ओढून घेतो. पिरिडीनचे संयुग हळूहळू उडून जाते आणि असते तोवर थराचे मऊ होण्याचे तापमान खाली आणते. शिवाय लिथियमचे आयन जागेवर न राहता पेरोव्हस्काइटमध्ये आणि त्याही पलीकडे सरकतात. त्यात वर सोने. सोने रासायनिकदृष्ट्या उदासीन म्हणून आपण निर्धास्त असतो, परंतु ७० अंशांच्या आसपास सोन्याचे अणू स्पायरो-ओमेटॅड ओलांडून पेरोव्हस्काइटमध्ये शिरतात आणि तेथे कायमचे दोष निर्माण करतात, हे २०१६ मध्येच दाखवले गेले आहे. अंधाऱ्या, थंड डेसिकेटरमध्ये यातले काहीच दिसत नाही. म्हणून तेथले तीन आठवडे आपल्याला समाधान देतात, माहिती देत नाहीत.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे मिथाइलअमोनियम. पेरोव्हस्काइटच्या सूत्रात तीन जागा असतात: पहिल्या जागी मोठा धन आयन, दुसऱ्या जागी शिसे, तिसऱ्या जागी आयोडीन किंवा ब्रोमीन. पहिल्या जागी मिथाइलअमोनियम असले की थर सहज तयार होतो, काळा आणि चकचकीत दिसतो, म्हणून शिकताना सगळे त्यापासूनच सुरुवात करतात. परंतु हा आयन एक प्रोटॉन सोडून मिथाइलअमीन या वायूत रूपांतरित होऊ शकतो, आणि वायू एकदा निसटला की मागे पिवळे लेड आयोडाइड उरते. ८५ अंशांवर हे निष्क्रिय वायूतही घडते. त्याशिवाय साधारण ५५ अंशांच्या आसपास या स्फटिकाची रचना चतुष्कोनी स्वरूपातून घनाकृती स्वरूपात बदलते, म्हणजे उन्हाळ्यातल्या दिवसात पॅनेलमधला हा थर सकाळी एका रूपात आणि दुपारी दुसऱ्या रूपात असणार. मे महिन्यात नागपूरला हवा ४५ अंशांवर असताना छपरावरचे पॅनेल त्याहून २० ते ३० अंशांनी अधिक तापते, हे लक्षात घेतले तर मिथाइलअमोनियमवर अवलंबून राहणे का परवडणार नाही, ते वेगळे सांगायला नको.

त्याची जागा घ्यायला फॉर्मामिडिनियम आहे. उष्णतेला तो अधिक टिकतो आणि त्याचे पट्ट-अंतरही (प्रकाशाचा कोणता भाग शोषला जाईल ते ठरवणारे ऊर्जेतील अंतर) सूर्यप्रकाशासाठी अधिक सोयीचे आहे, पण शुद्ध फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइडचे काळे रूप सामान्य तापमानाला स्थिर नसते; सवड मिळाली, विशेषतः थोडी ओल मिळाली, की ते पिवळ्या निरुपयोगी रूपाकडे वळते. कारण भूमितीचे आहे: हा आयन शिसे आणि आयोडीन यांच्या पिंजऱ्याच्या मानाने किंचित मोठा पडतो. त्यात ५ ते १० टक्के लहानसा सीझियम मिसळला की सरासरी आकार बसतो आणि काळे रूप टिकते. २०१६ मध्ये सीझियम, मिथाइलअमोनियम आणि फॉर्मामिडिनियम या तिघांचे मिश्रण गाजले ते या तत्त्वावरच. माझा सल्ला मात्र तिघांऐवजी दोघांवर थांबण्याचा आहे. मिथाइलअमोनियम क्लोराइड स्फटिक वाढवण्यासाठी द्रावणात घालतात आणि ते तापवताना ‘उडून जाते’ असे गृहीत धरतात, तेही मी जपून वापरतो, कारण थोडे मागे राहतेच. शिवाय शिळ्या द्रावणात मिथाइलअमीन आणि फॉर्मामिडिनियम यांची परस्परांशी अभिक्रिया होते. द्रावण रोज ताजे करा. गेल्या आठवड्यातल्या बाटलीतून काढलेला सेल आणि आजचा सेल ही एका मालिकेतली भावंडे नव्हेत.

आयनांचे हलणे हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला विषय आहे. सिलिकॉनमध्ये अणू जागच्या जागी असतात आणि फक्त इलेक्ट्रॉन फिरतात. पेरोव्हस्काइटमध्ये आयोडाइडचे आयन रिक्त जागांमधून उड्या मारत फिरतात, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास म्हणजे खोलीच्या तापमानालाही जमण्यासारखी आहे. हे आयन एका बाजूला साचले की आतले विद्युत क्षेत्र बदलते, आणि धातूपर्यंत पोहोचले की धातूशी संयोग पावतात. चांदी वापरली तर सिल्व्हर आयोडाइड तयार होते. आयोडीन आणि ब्रोमीन एकत्र असतील, तर प्रकाशात ते वेगवेगळे होऊन आयोडीनचे पुंजके तयार होतात. २०१५ मध्ये नोंदलेला हा परिणाम सिलिकॉनच्या सेलवर बसवायच्या पेरोव्हस्काइट सेलसाठी मोठी डोकेदुखी आहे, कारण तेथे ब्रोमीन घालावेच लागते. आपल्या सेलमध्ये ब्रोमीन नसल्याने त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

आयनांना थांबवायचे तर त्यांच्या वाटा बुजवायला हव्यात, आणि वाटा म्हणजे पृष्ठभाग आणि कणसीमा (स्फटिकाच्या कणांमधले सांधे). येथे एक मोह टाळायला हवा. लेड आयोडाइड थोडे जास्त घातले की कार्यक्षमता अर्ध्या-एक टक्क्याने वाढते, म्हणून अनेक जण ते मुद्दाम घालतात. पण उरलेले लेड आयोडाइड प्रकाशात शिसे आणि आयोडीन यांत फुटते आणि तेच आयोडीन पुढच्या विघटनाला चालना देते. पहिल्या दिवशीचा आकडा आणि तीनशेव्या दिवशीचा आकडा यांत निवड करायची असेल, तर ही पहिली जागा. दुसरी जागा तळाशी आहे. डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक तळाशी अडकून राहते, नंतर निघून जाते आणि तेथे पोकळ्या उरतात. वरून पाहिले तर थर निर्दोष दिसतो, काचेवरून सोलून उलटा पाहिला तरच त्या पोकळ्या दिसतात. आम्ही कित्येक महिने वरच्या पृष्ठभागावर निरनिराळी अमोनियम संयुगे फासत बसलो होतो, आणि दोष खालच्या बाजूला होता. थर सोलून पाहण्याची सवय तेव्हापासून लागली.

वरच्या पृष्ठभागावर लांब साखळीच्या अमोनियम क्षारांचा पातळ द्विमितीय थर तयार करण्याची पद्धत उपयुक्त आहे, परंतु उष्णतेत हे लांब आयनही खालच्या थरात मिसळून जाऊ शकतात. त्यामुळे अशा थराने खोलीच्या तापमानाला दिलेला फायदा ८५ अंशांवर उरतो का, हे पाहिल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवू नये. सेंद्रिय भाग पूर्णपणे काढून टाकणे हा दुसरा मार्ग. प्रिन्स्टन विद्यापीठातील गटाने २०२२ मध्ये सीझियम लेड आयोडाइडवर अकार्बनी द्विमितीय थर बसवून ३५ ते ११० अंशांच्या दरम्यान सेल झिजवले आणि ३५ अंशांवर सतत प्रकाशात सुमारे ५१,००० तासांचे आयुष्य अनुमानाने काढले. त्या सेलची कार्यक्षमता १७ टक्क्यांच्या घरात होती, म्हणजे टिकाऊपणाची किंमत मोजली गेली होती. मला त्या कामात आकड्यापेक्षा रीत महत्त्वाची वाटते: त्यांनी अनेक तापमानांवर मोजून मग अनुमान केले, एका तापमानावरून नाही.

रचनेपुरते बोलायचे तर मी आपल्याला उलट्या रचनेकडे वळण्यास सांगेन. तीत प्रकाश येणाऱ्या बाजूला होल (म्हणजे धन प्रभार) वाहून नेणारा थर असतो आणि तो स्पायरो-ओमेटॅडचा नसून फॉस्फॉनिक आम्लाच्या गटाने पारदर्शक ऑक्साइडला बांधलेल्या रेणूंचा एकपदरी थर असतो. त्यात लिथियम नाही, पिरिडीन नाही. वर इलेक्ट्रॉन वाहून नेणारा कार्बन-६०, त्यावर अणुथर निक्षेपणाने (एकेक अणुथर चढवण्याच्या पद्धतीने) बसवलेला १५ ते २० नॅनोमीटरचा टिन ऑक्साइड, आणि मग धातू. हा टिन ऑक्साइडचा थर वरून येणारे पाणी, खालून जाणारे आयोडीन आणि आत शिरू पाहणारा धातू या तिघांनाही अडवतो, म्हणून एवढ्या पातळ थरासाठी एवढे महागडे यंत्र वापरणे मला समर्थनीय वाटते. ते यंत्र आपल्याकडे नसेल तर कार्बनची जाड विद्युतअग्रे हा स्वस्त आणि खरोखर टिकाऊ पर्याय आहे. कार्यक्षमता काही टक्के कमी मिळते, पण कार्बनला आयोडीन काही करू शकत नाही. एकपदरी रेणूंचा थरही निर्दोष नाही: द्रावकात आणि उष्णतेत काही रेणू सुटून येतात, जागा उघड्या पडतात, म्हणून त्याखाली निकेल ऑक्साइड देऊन पकड वाढवण्याचा प्रघात पडतो आहे.

यांत्रिक बाजूकडे रसायनशास्त्राचे विद्यार्थी सहसा पाहत नाहीत. पेरोव्हस्काइट तापल्यावर काचेच्या कित्येक पट प्रसरण पावतो. १०० ते १५० अंशांवर तयार झालेला थर थंड होताना आकुंचन पावू पाहतो, पण काच त्याला धरून ठेवते, त्यामुळे तो जन्मापासूनच ताणलेला असतो, आणि ताणलेला स्फटिक लवकर विघटित होतो. कमी तापमानाला तापवणे किंवा मऊ थराचा आधार देणे यांनी ताण कमी होतो. उणे ४० ते अधिक ८५ अंशांच्या तापमानचक्रात कार्बन-६० आणि त्यावरचा टिन ऑक्साइड यांची पकड सुटून थर चक्क सोलले जातात; अशा वेळी रसायन बदलून काही साधत नाही.

आता सीलबंदी. ती अनावश्यक आहे असे मी म्हटलेले नाही, ती पहिली पायरी नव्हे एवढेच म्हटले. दोन काचांच्या मध्ये सेल आणि कडेला ब्युटाइल रबराची पट्टी ही रचना कोकणातल्या पावसाळ्यालाही पुरून उरेल अशी करता येते. सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये नेहमी वापरतात ती एथिलीन व्हिनाइल ॲसिटेटची चादर मात्र टाळावी: ती लावताना १४० अंशांहून अधिक तापवावे लागते आणि पुढे ती ॲसेटिक आम्ल सोडते. पॉलिओलेफिन किंवा पॉलिआयसोब्युटिलीन बरे. सीलबंदीचे आणखी एक काम असते, ते म्हणजे आतले वायू आतच ठेवणे. दाब धरून राहिला की विघटनाची अभिक्रिया पुढे सरकत नाही. शिवाय शिसे. अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या थरात प्रति चौरस मीटर एक ग्रॅमहूनही कमी शिसे असते, पण ते पाण्यात विरघळणाऱ्या स्वरूपात असते, त्यामुळे काच फुटली तरी ते बाहेर पडू नये याची काळजी घ्यावीच लागते.

अनेक सेल जोडून मॉड्यूल केल्यावर सावलीचाही प्रश्न येतो. झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडलेल्या सेलवर बाकीचे सेल उलटी व्होल्टता लादतात. सिलिकॉन ती पुष्कळ सोसतो, पेरोव्हस्काइट बहुधा काही व्होल्टमध्येच फुटतो.

राहिला १००० तासांचा हिशोब. महाराष्ट्रात दिवसाला सरासरी सव्वापाच किलोवॉट-तासांच्या आतबाहेर ऊन प्रति चौरस मीटर मिळते असे धरले, तर वर्षाला पूर्ण सूर्याचे (प्रति चौरस मीटर एक किलोवॉट उन्हाचे) सुमारे १,९०० तास होतात आणि २५ वर्षांचे सुमारे ४७,५००. म्हणजे खोलीच्या तापमानाला पूर्ण सूर्याखाली घेतलेले १००० तास जेमतेम सहा-सात महिन्यांइतके. तीच चाचणी ८५ अंशांवर घेतली आणि प्रत्यक्षातले सरासरी तापमान ४५ अंश धरले, तर सक्रियण ऊर्जा (झीज घडण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यास झीज सुमारे साडेअकरा पट जलद होते आणि १००० तास सहा वर्षांइतके ठरतात. तीच ऊर्जा ०.४ असल्यास पाच पटच जलद, म्हणजे पावणेतीन वर्षे. एका आकड्यातल्या एवढ्याशा फरकाने उत्तर निम्म्याहून खाली येते, म्हणून ती ऊर्जा स्वतः किमान तीन तापमानांवर मोजल्याशिवाय वर्षांची भाषा करू नये. आपल्या सध्याच्या सेलला तर हा हिशोब लावताच येणार नाही, कारण ५५ अंशांच्या अलीकडे आणि पलीकडे तो स्फटिकच वेगळा आहे.

कोणती चाचणी, हेही महत्त्वाचे. आयईसी ६१२१५ या सौर पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकातील ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची १००० तासांची चाचणी अंधारात होते. ती सिलिकॉनच्या अनुभवावर बेतलेली आहे. ती उत्तीर्ण झालेला पेरोव्हस्काइट म्हणजे चांगली सीलबंदी झालेला पेरोव्हस्काइट, त्याहून अधिक काही सिद्ध होत नाही. २०२० मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून आयसॉस या सौरघटांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांचे पेरोव्हस्काइटसाठी संस्करण केले, त्यात प्रकाश आणि उष्णता एकत्र देणाऱ्या चाचण्या आहेत, आणि अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या गटाने २०२३ मध्ये दाखवले की उघड्यावरच्या आयुष्याचा अंदाज या एकत्रित चाचणीवरूनच सर्वांत चांगला येतो. त्यात दिवस-रात्रीचे चक्रही घाला. काही सेल रात्री सावरतात, काही सतत प्रकाशापेक्षा चक्रातच लवकर खचतात, आणि आपला कोणत्या जातीचा आहे हे आधी सांगता येत नाही.

आपल्या जागी मी असतो तर पुढचे दोन महिने असे घालवले असते. पेरोव्हस्काइट तसाच ठेवून फक्त स्पायरो-ओमेटॅड आणि सोने काढले असते व कार्बन लावला असता. मग कार्बन तसाच ठेवून मिथाइलअमोनियमच्या जागी सीझियम-फॉर्मामिडिनियम घेतले असते. दोन्ही बदल एकदम करू नका, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळणार नाही. प्रत्येक प्रकाराचे किमान सोळा सेल, निदान तीन वेगवेगळ्या दिवशी केलेले, त्यातले एक-दोन जुलैतल्या एखाद्या ओल्या दिवसाचेही असू द्या, आणि सर्व ६५ अंशांवर महत्तम शक्तीच्या बिंदूवर चालवा. दिव्याच्या वर्णपटात अतिनील भाग आहे का ते पाहून ठेवा. एलईडीमध्ये तो जवळजवळ नसतो, उन्हात असतो. आलेख काढताना सुरुवातीचा आकडा १ धरून काढू नका, खरी कार्यक्षमता मांडा, आणि सोळांपैकी सर्वांत चांगल्या सेलचा नव्हे, तर मधल्या सेलचा आलेख मला पाठवा. बंद पडलेले सेल फेकू नका: त्यांच्या काचेच्या बाजूने काढलेले छायाचित्र, पिवळेपणा कडेकडून आत गेला आहे की सोन्याखाली ठिपक्यांनी उमटला आहे, एवढ्यावरूनही पुढचा बदल कोणता करायचा ते बरेचसे ठरवता येईल.